पोशिंदा

घरी आलेल्या पाहुण्यास आपली एखादी वस्तू दाखविण्याची हौस ज्याला नाही असा गृहस्थ विरळाच. कोणी बागेतले गुलाब दाखवितो, कोणी मुलाचे प्रशस्तिपत्रक दाखवितो. आम्ही आमचा अँप्लिफायर दाखवितो. तो आम्ही स्वतःच्या हाताने, व्हॉल्व्ह लावून, बांधला आहे हे सांगावयास आम्ही कधी विसरत नाही. तिन्हीसांजेला खोलीतील दिवा मालवून त्याचे बटण दाबले म्हणजे काचेच्या नळ्यांतून निरांजनासारखा तांबूस उजेड हळूहळू चढू लागतो आणि पाहुणे मंडळी 'वा!' म्हणतात. त्या नळ्यांची नावे विचारतात, किंमत विचारतात, हल्लीच्या दिवसांत त्या मिळतात तरी कोठे असे विचारतात. स्लोव्हाकिया, रशिया व चीन या देशांत त्या अद्याप तयार होतात, आणि एके काळी आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातही होत असत, हे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगतो. परंतु त्या नळ्यांच्या मागे जो काळा, चौकोनी, लोखंडी ठोकळा बसलेला आहे त्याच्याविषयी आजवर एकाही पाहुण्याने चौकशी केलेली नाही. तो ठोकळा म्हणजे पॉवर ट्रान्स्फॉर्मर. सरकारी मराठीत त्याला रोहित्र म्हणतात. पण ज्याची कोणी विचारपूस करीत नाही त्याला कोणत्या नावाने हाक मारली याने काय फरक पडणार?

पाहुण्यांना तरी दोष कसा द्यावा? त्याची चौकशी आरंभी आम्ही तरी कोठे केली होती? ज्या एका प्रसंगाची आठवण अजूनही आम्हांला ओशाळे करते तो प्रसंग ही चौकशी न केल्यामुळेच ओढवला, आणि तो सांगितल्यावाचून या विषयावर चार शब्द बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

या खटाटोपाचे मूळ आमच्या वडिलांच्या तबकड्यांत आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा वडील ते शेजाऱ्यांच्या उंबरठ्याशी उभे राहून ऐकत. आपल्या घरी रेडिओ हवा हा निश्चय त्यांनी त्या उंबरठ्यावर केला, असे ते पुढे सांगत. शाळेतील नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकवण्या करीत त्यांनी काही वर्षांनी हप्त्याने रेडिओ घेतला. त्याच्या पाठीमागे तबकडीचे यंत्र जोडण्याची सोय होती. मग मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या एकेक करून घरी येऊ लागल्या. बालगंधर्व आले, हिराबाई बडोदेकर आल्या. रविवारी सकाळी गाणे चाले, आणि वडील डोळे मिटून बसत. त्यांच्या पश्चात रेडिओ माळ्यावर गेला आणि तबकड्या ट्रंकेत गेल्या. सेवानिवृत्तीनंतर आम्ही तो रेडिओ खाली काढला तेव्हा उंदरांनी त्याच्या तारा आणि कापड यांचा फन्ना उडविला होता. शाबूत राहिला होता तो एकटा ट्रान्स्फॉर्मर. या तबकड्या पुन्हा व्हॉल्व्हच्याच आवाजात ऐकावयाच्या, असे आम्ही ठरविले.

पुस्तके चाळली, आणि १९५० नंतरच्या दशकात मलार्ड कंपनीने प्रसिद्ध केलेला 'फाइव्ह-टेन' नावाचा आराखडा पसंत केला. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, असा त्या नावाचा अर्थ. आरंभी एक ईएफ ८६, मध्ये एक ईसीसी ८३, शेवटी जोडीने काम करणाऱ्या दोन ईएल ८४, आणि घरातील उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेने वळविणारी ईझेड ८१. व्हॉल्व्हच्या निवडीत आम्ही दोन महिने घालविले. आउटपुट ट्रान्स्फॉर्मर, म्हणजे ज्यातून आवाज अखेर कर्ण्याकडे जातो तो, चांगला घ्यावा हे सर्वच पुस्तके सांगतात, म्हणून तोही भारी घेतला. राहता राहिला पॉवर ट्रान्स्फॉर्मर.

त्याचे काम काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. फॅरडे याने १८३१ साली लोखंडाच्या एका कड्यावर तारेच्या दोन वेगवेगळ्या गुंडाळ्या घातल्या आणि एकीतील प्रवाह चालू-बंद केला असता दुसरीत क्षणभर प्रवाह उमटतो, हे पाहिले. दोन्ही तारा एकमेकींस कोठेही शिवत नाहीत. मध्ये केवळ लोखंड आणि त्यातील चुंबकत्व. पुढे १८८५ साली बुडापेस्टच्या तिघा इंजिनियरांनी याच तत्त्वावर व्यवहारोपयोगी ट्रान्स्फॉर्मर तयार केला. आमच्या ठोकळ्यातही तेच आहे. भिंतीतील २३० व्होल्ट एका गुंडाळीत जातात. दुसऱ्या गुंडाळीतून व्हॉल्व्ह तापविण्यासाठी ६.३ व्होल्ट निघतात, आणि तिसरीतून त्यांना राबविण्यासाठी तीनशेच्या आसपास. व्हॉल्व्ह गातात, पण त्यांना ऊब आणि अन्न दोन्ही हा पुरवितो. तो घरातला पोशिंदा आहे.

पोशिंद्याच्या निवडीत आम्ही प्रथम भावनेच्या आहारी गेलो. वडिलांच्या रेडिओतला ट्रान्स्फॉर्मरच लावावा, असे मनात आले. पण तो रेडिओ म्हणजे शेवटी एकच ईएल ८४ पोसणारा लहानसा संसार. त्याची कुवत साठसत्तर मिलिअँपिअरची. आमच्या दोन ईएल ८४ प्रत्येकी सुमारे ४० आणि बाकीच्या मिळून थोडे, असे ९० मिलिअँपिअर खाणार. शिवाय त्याची जोडणी २२० व्होल्टांवर होती आणि आमच्या भिंतीत मीटर लावला असता २४० दिसले. आत येणारे व्होल्ट चढले की बाहेर पडणारे सर्वच त्या प्रमाणात चढतात, ६.३ च्या जागी जवळजवळ ६.९ आले. हे व्होल्ट शेकडा पाचाच्या अंतराने कमीजास्त झाले तर व्हॉल्व्ह सोसतात. नऊ टक्के अधिक म्हणजे त्यांचे आयुष्य पेटवून उजेड पाहण्यासारखे आहे. तेव्हा तो नाद आम्ही जड मनाने सोडला.

त्यानंतर अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने तिकडचा एक जुना, वजनदार ट्रान्स्फॉर्मर आणण्याची तयारी दाखविली. तिकडची वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, आपली ५० वेळा. हेलकावा जितका संथ तितके लोखंडात चुंबकत्व अधिक साठते. तिकडच्या ठोकळ्याला तितक्याच व्होल्टांवर येथे एकपंचमांश अधिक ओझे वाहावे लागते. ज्याने आपले माप पोटभर धरून घेतले आहे त्याच्या पोटात आणखी वीस टक्के कोंबले तर तो तापतो आणि कण्हतो. भाच्याला आम्ही नको म्हणून कळविले, आणि आपल्या ज्ञानावर आम्ही भलतेच खूश झालो.

या खुशीतच घात झाला. व्हॉल्व्हांवर आणि आउटपुटवर इतका खर्च झाला होता की या ठोकळ्यासाठी हात आखडला. बाजारात एक तयार माल मिळाला. त्यावर एकेरी गुंडाळी, २४० व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर, असे लिहिले होते. आमची गरज ९० ची, म्हणजे दहा शिल्लकच! ईझेड ८१ ऐवजी चार सिलिकॉन डायोड लावून टाकले, पाचातला एक व्हॉल्व्ह वाचविला, आणि वर आपल्या काटकसरीचे कौतुकही केले. घाईत जो मिळाला तो पाच अँपिअरचा फ्यूज बसविला. दुकानदाराचा यात काही दोष नाही; त्याने लिहिले होते ते खरे होते, आम्हांलाच ते वाचता आले नाही.

त्या रविवारी आमची मुलगी नातीला घेऊन आली होती. जेवणे झाली. नात शेजारच्या खोलीत झोपली. आम्ही तबकडी लावली आणि आरामखुर्चीत टेकलो. ७८ ची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपते. तीही पुरती संपण्यापूर्वी आमचा डोळा लागला. तबकडीचे यंत्र थांबले, पण अँप्लिफायर चालूच राहिला. आणि या जातीच्या यंत्राचे असे आहे की गाणे असो वा नसो, त्याचे खाणे जवळजवळ तितकेच चालू असते. जाग आली ती आमच्या सौभाग्यवतींच्या हाकेने. खोलीत जळक्या लाखेसारखा उग्र वास भरला होता. ठोकळ्याच्या अंगातून वार्निश वितळून खाली ठिबकत होते, आणि खिडकीचा पडदा जेथे त्याला टेकला होता तेथे तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. पिन त्यांनीच उपटली. मधले दार उघडेच होते. नात कुशीवर वळून झोपली होती.

त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शांतपणे विचारले, "त्या दिव्यांना किती पैसे घातलेत हो?" आम्ही आकडा सांगितला. "आणि त्या जळक्याला?" तोही सांगितला. त्या म्हणाल्या, "नवरानवरीच्या अंगावर शालूशेले, आणि आचाऱ्याशी मात्र घासाघीस. मग मुदपाकखान्यात आग लागणार नाही तर काय?" आणि थोड्या वेळाने, "हे यंत्र घरात राहायचे असेल तर तुम्ही झोपलात तरी मला झोप लागेल, असे करून दाखवा."

त्या दिवशी आम्ही पुन्हा कागद घेतला. चूक सापडावयास पाच मिनिटे पुरली. डायोडांच्या पुढे जो साठवणीचा कपॅसिटर असतो तो घास सतत घेत नाही. हेलकाव्याच्या शिखरावर, क्षणभरात, बकाबका घेतो. म्हणून बाहेर ९० मिलिअँपिअर सरळ प्रवाह मिळाला तरी एकेरी गुंडाळीतून जाणाऱ्या प्रवाहाचे तापविण्याच्या दृष्टीने मोल त्याच्या सुमारे १.७ पट, म्हणजे १५० च्या वर जाते. ठोकळ्यावर लिहिलेले १०० हे या दुसऱ्या मापाचे होते. प्रवाह दीडपट झाला की तारेतील उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. लहानपणी पाठ केलेली दीडकी येथे उपयोगी पडली असती. आणि पाच अँपिअरचा फ्यूज! त्यावर इस्त्री चालली असती. ज्या यंत्राला पाव अँपिअर पुरतो त्याच्या दाराशी आम्ही असा पहारेकरी ठेवला होता की त्याच्या डोळ्यांदेखत घर लुटले गेले तरी त्याने 'कोण आहे?' म्हणून विचारले नसते. हे सर्व आम्हांला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. पण जे दिसते त्यावर खर्च करावा आणि जे पोसते त्यावर वाचवावे, ही बुद्धी अज्ञानातून येत नसते.

एका स्नेह्याने बुधवार पेठेतील एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचविले. तपकीर गल्लीच्या गजबजाटातून एक जिना चढून गेले की त्यांची लहानशी खोली लागते. तांब्याच्या तारेची रिळे, लोखंडी पत्र्यांचे गठ्ठे आणि हाताने फिरविण्याचे एक यंत्र, एवढाच त्यांचा पसारा. आम्ही खिशातून व्होल्टांचा कागद काढला, तेव्हा त्यांनी हातानेच थांबविले. "साहेब, व्होल्ट नंतर. आधी हे सांगा, रोज किती तास चालणार? घरात मीटर किती दाखवतो? याच्या शेजारी काय बसणार? आणि घरात लहान मूल आहे का?"

पॉवर ट्रान्स्फॉर्मर कसा निवडावा याविषयी आम्ही पुष्कळ वाचले आहे. पण या चार प्रश्नांच्या बाहेरचे फारसे काही आढळले नाही.

किती तास चालणार, याचा अर्थ किती तापलेले चालेल. मिस्त्रींनी हिशेब मांडला. सर्व मिळून खप साठ वॅटांच्या घरात. म्हणून लोखंड शंभराचे, मधल्या जिभेचा छेद १२ चौरस सेंटिमीटर. "लोखंडाला अर्धपोटी ठेवायचं," ते म्हणाले, "भरल्या पोटाचं लोखंड घोरतं." बाजारू मालात लोखंड आणि तांबे वाचविण्यासाठी वेढे कमी घालतात, त्यामुळे चुंबकत्व काठोकाठ भरते, त्यांनी व्होल्टामागे पावणेचार वेढे धरले. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावे अशी म्हण आहे. येथे आधी पाय मोजून मग अंथरूण विणावयाचे असते. मात्र त्यातही अति नको. 'असू द्या दुप्पट' म्हणून आम्ही औदार्य दाखविले, तेव्हा त्यांनी मान हलविली. गुंडाळीवर लिहिलेले व्होल्ट पूर्ण भाराचे असतात. भार निम्माच टाकला तर व्होल्ट वर चढून बसतात, आणि तो अतिरेकही शेवटी व्हॉल्व्हांच्याच अंगावर येतो. आमच्या चार गाणाऱ्या व्हॉल्व्हांना तापण्यासाठी दोन अँपिअर लागतात. त्यांनी गुंडाळी तीनाची केली. ईझेड ८१ पुन्हा लावावी आणि तिला तिची वेगळी ६.३ ची गुंडाळी द्यावी, हेही त्यांनीच ठरविले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर २४०. म्हणून पहिल्या गुंडाळीला ९०० वेढे पडले. व्हॉल्व्ह तापविणाऱ्या गुंडाळीला, भाराखाली होणारी घट धरून, अवघे २५. आणि ३००-०-३०० च्या बारीक तारेच्या गुंडाळीला, दोन्ही बाजू मिळून, सव्वादोन हजारांहून अधिक. ते वेढे घालताना त्यांच्याशी कोणी बोलू नये, असा तेथला नियम होता.

शेजारी काय बसणार, याला आम्ही 'आउटपुट ट्रान्स्फॉर्मर' म्हणून सांगितले. मिस्त्रींनी पहिल्या व दुसऱ्या गुंडाळ्यांमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक पडदा घातला, म्हणजे भिंतीतील विजेबरोबर येणारी खरखर पुढे जात नाही. त्याची दोन टोके एकमेकांस शिवू नयेत याची काळजी घेतली, कारण ती शिवली तर तो पडदा नव्हे, जळणारा वेढा होतो. आणि घरी जाऊन करावयाची एक युक्ती सांगितली. इतर सर्व टोके नीट झाकून नवा ठोकळा नुसता विजेवर लावावा, आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या टोकांना कानावरचा हेडफोन जोडावा, आणि ठोकळा फळीवर हळूहळू फिरवावा. आम्ही तसे केले. आरंभी कानात भुंग्यासारखी घूं घूं ऐकू आली. ठोकळा वळू लागला तशी ती चढली, मग उतरली, आणि दोघांची तोंडे काटकोनात आली त्या एका जागी ती जवळजवळ नाहीशी झाली. तेथे आम्ही पेन्सिलीने रेघ मारली. गाणे ऐकण्यासाठी आम्ही आजवर पुष्कळ खटपट केली होती. शांतता शोधून तिच्याभोवती रेघ मारण्याचा हा पहिलाच प्रसंग.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर देताना आमचा आवाज थोडा बदलला असावा. मिस्त्रींनी वर पाहिले, पण काही विचारले नाही. ते एवढेच म्हणाले, की ट्रान्स्फॉर्मरचे पहिले काम व्होल्ट बदलणे नव्हे, भिंतीतील वीज आणि माणसाचा हात यांच्यात अंतर ठेवणे. पूर्वी ट्रान्स्फॉर्मरवाचून चालणारे स्वस्त रेडिओ निघत. त्यांचा सांगाडा थेट विजेला जोडलेला असे, आणि बटणाची टोपी निघाली की बोटाशी मृत्यू येई. त्यांनी तयार ठोकळ्याच्या गुंडाळ्या मेगर लावून तपासल्या. सांगाड्याला अर्थिंग, पहिल्या गुंडाळीला अर्ध्या अँपिअरचा, सावकाश उडणारा फ्यूज, यंत्र बंद केल्यावर कपॅसिटरमधील तीनशे व्होल्ट आपोआप ओसरावेत म्हणून त्यावर कायमचा एक रेझिस्टर, आणि सर्वांवर जाळीचे झाकण, एवढे त्यांनी लिहून दिले. पैसे घेताना म्हणाले, "तासभर वाजवा, वीज तोडा आणि मग हात ठेवा. दहा मोजेपर्यंत हात राहिला पाहिजे."

निघताना आम्ही पिशवीतून वडिलांचा ट्रान्स्फॉर्मर काढून त्यांना दाखविला. मोडीत किती येतील, असे विचारण्याचा आमचा विचार होता, पण त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, मेगर लावला, आणि म्हणाले, "याची तार सोडू नका. उत्तम आहे. याला २४० ची खूण दिलेली आहे, ती कोणी लावलीच नाही. याच्या कुवतीचं काम याला द्या."

आज आमच्या घरी दोन यंत्रे आहेत. दिवाणखान्यातील मोठे यंत्र पाहुण्यांसाठी. दुसरे स्वयंपाकघरातील फळीवर असते. एक ईएल ८४, एक ईसीसी ८३, जाळीचे झाकण, आणि मागे वडिलांचा ट्रान्स्फॉर्मर, आता २४० च्या खुणेवर. सकाळी सौभाग्यवती त्यावर अभंग लावतात. शिकवण्यांच्या पैशांतून आलेला तो ठोकळा साठ वर्षांनंतर पुन्हा एका ईएल ८४ ला पोसतो आहे, हे त्यांना ठाऊक आहे. आम्हीच ते एकदा सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "त्यांचं गाणं तुम्हांला आठवतं. शिकवण्या आठवतात का?"

आम्हांला फारशा आठवत नव्हत्या. वडील संध्याकाळी घरी नसत, एवढेच आठवत होते.

रविवारी दुपारी मोठे यंत्र तासभर चालते. त्यानंतर आम्ही पिन काढतो, झाकण उचलतो, मागच्या काळ्या ठोकळ्यावर तळहात ठेवतो आणि दहा मोजतो. नात आली असली म्हणजे तीही शेजारी उभी राहून मोठ्याने मोजते. कधी बारापर्यंत जाते, कधी वीसपर्यंत. हात तेथेच राहतो.